‘रिबेलियन’ला सर्बियनमध्ये काय म्हणायचं? उस्तानाक, बुना, पोबुना, बुन्त… आणि आपलं बंड, आपला उठाव

नदीकाठची

नमस्कार मंडळी. आम्हाला सर्बियातल्या नोवी सादला येऊन चार वर्षं झाली. पहिली तीन इंग्रजीवर आणि हातवाऱ्यांवर निभावली, यंदा मात्र हट्टाने सर्बियनचा वर्ग लावला आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही आठ जण बसतो, शिकवायला साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. फार जीव लावून शिकवतात.

१५ फेब्रुवारीला इथे स्रेतेन्ये असतं, मोठा राष्ट्रीय सण. १८०४ साली याच दिवशी ओराशाट्स गावात कराजॉर्जेला पुढारी नेमून तुर्कांविरुद्ध लढा सुरू झाला आणि १८३५ साली याच दिवशी देशाची पहिली राज्यघटना आली. त्या निमित्ताने बाईंनी गृहपाठ दिला. इंग्रजीत पाच वाक्यं, पाचही वाक्यांत ‘रिबेलियन’ हा शब्द. सर्बियन करून आणायचं.

वाक्यं साधारण अशी: १) १८०४ चं सर्बांचं. २) जहाजावर खलाशांनी कप्तानाविरुद्ध केलेलं. ३) १८८३ मधलं तिमोक खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं. ४) तुरुंगातल्या कैद्यांचं. ५) सोळा वर्षांच्या मुलीचं, घरच्यांविरुद्ध.

कोशात पहिला शब्द मिळाला ‘बुना’. मी पाचही ठिकाणी बुना लिहून मोकळी झाले. वही परत आली तेव्हा चार शब्दांभोवती लाल गोल होते, फक्त तिसरा सुटला होता. बाईंनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: पहिलं ‘उस्तानाक’, दुसरं आणि चौथं ‘पोबुना’, पाचवं ‘बुन्त’. खाली एक ओळ: ‘तुमच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे का?’

त्या ओळीपाशी मी अडले. एकच शब्द कुठला! बंड आहे, उठाव आहे, बंडाळी, पुंडावा, विद्रोह, क्रांती, गदर आहे. पण कुठला कुठे हे मला बाईंना नीट सांगता येईना. म्हणून हा धागा. तुम्ही उठाव कशाला म्हणता आणि बंड कशाला? पुढच्या मंगळवारी वर्गात सांगायचं आहे.

वाचक_नंबर_सात

सोपं आहे. जिंकलं तर उठाव, फसलं तर बंड.

जुनाकोश

मस्त विषय. ताई, तुमच्या नकळत तुमच्या हाती घबाड लागलं आहे, ते आधी सांगतो.

‘उस्तानाक’ हे नाम ‘उस्ताति’ या क्रियापदावरून आलं. उस्ताति म्हणजे उठणं, उभं राहणं. सकाळी अंथरुणातून उठतात तेही उस्ताति. त्यातला ‘स्ता’ म्हणजे आपला संस्कृत ‘स्था’. आणि मराठीतलं ‘उठणे’ कुठून आलं? उत् + स्था. उत्थान, उत्तिष्ठ आणि त्याच वाटेने प्राकृतातून उठणे, उठाव. उपसर्ग दोन्हीकडे वेगळा आहे, पण धातू एकच. म्हणजे ‘उस्तानाक’ला ‘उठाव’ हा नुसता प्रतिशब्द नाही, एका आजीची ती दोन नातवंडं आहेत.

आता ‘रिबेलियन’ची बैठक बघा. लॅटिनमधला ‘बेलुम’ म्हणजे युद्ध, आणि आधी ‘रे’, म्हणजे पुन्हा. एकदा हरवलेल्या, शरण आणलेल्या लोकांनी पुन्हा शस्त्र उचलणं. हा शब्द रोमन सेनापतीच्या घोड्यावर बसलेला आहे: ‘यांना मी जिंकलं होतं, हे पुन्हा लढायला लागले.’ उठाव आणि उस्तानाक हे शब्द जमिनीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने बोलतात. तो उठला, एवढंच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सर्बियनमधून मराठीत येताना मध्ये इंग्रजीच्या धर्मशाळेत मुक्काम करू नये. थेट यावं.

पूर्वाई

जुनाकोश, वाचून अंगावर काटा आला. उस्तानाक आणि उठाव!

मग बुना आणि बंड पण नात्यातले का? ब आहे, न आहे. आणि बुन्त तर जवळजवळ बंडच.

जुनाकोश

@पूर्वाई, नाही हो. तिथे आवाज फसवतो. ‘बुन्त’ जर्मनमधल्या ‘बुंड’वरून पोलिश मार्गे पसरला. बुंड म्हणजे जूट, बांधलेली एकी. त्याचं नातं जोडायचंच तर संस्कृत ‘बंध’शी जुळतं, आपल्या बंडाशी जोडू नका.

‘बुना’चं गोत आणखी वेगळं आहे आणि फार बोलकं आहे. झ्बुनिति म्हणजे गोंधळात पाडणं. बुनिलो म्हणजे तापातली भ्रमिष्ट अवस्था, ग्लानी. बुनोव्हान म्हणजे झोपेतून अर्धवट जागा झालेला माणूस. म्हणजे बुनाच्या पोटात गोंधळ, गलका, घुसळण आहे. आपल्याकडे त्या वासाचा शब्द ‘बंडाळी’. बंड एकाचं असू शकतं, बंडाळी माजते.

नदीकाठची

बुनोव्हान! हा मी रोज ऐकते. आमच्या मजल्यावरच्या आजी सकाळी नातवाला शाळेत सोडायला निघतात. तो लिफ्टमध्ये भिंतीला टेकून डोळे मिटून उभा असतो, तेव्हा त्या मला हेच म्हणतात. आणि परवा तो टोपी घालायला तयार नव्हता तेव्हा म्हणाल्या, ‘नेमोय दा से बुनिश.’ मी वहीत टिपून ठेवलंय. म्हणजे ‘कुरकुर करू नकोस, विरोध करू नकोस’. टोपी शेवटी आजींनी स्वतःच त्याच्या कानावर ओढली.

भाजीबाजार

आमच्या गुलटेकडीला रोज उठाव असतो. ‘आज टोमॅटोला उठाव नाही’, ‘कांद्याला बरा उठाव आहे.’ गेली बावीस वर्षं पहाटे चारला हेच ऐकतोय. तुमच्या सर्बियात मालाला उस्तानाक असतो का?

नदीकाठची

@भाजीबाजार, आज हे मुद्दाम बाईंना विचारलं. नसतो. बाई इतक्या मनापासून हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, टोमॅटो उठून उभे राहिले असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मग मी उठावदार नक्षीबद्दलही सांगितलं. मराठीत माल, नक्षी आणि माणूस तिघेही उठतात हे त्यांना फार आवडलं.

सत्तरीकर

@वाचक_नंबर_सात, तुमचा नियम आमच्या गोव्यात चालत नाही. सत्तरीत आम्ही ‘राण्यांचं बंड’ म्हणतो. दिपाजी राणे १८५२ साली उठले, नाणूसचा किल्ला घेतला, पोर्तुगिजांना जेरीस आणलं. १८९५ मध्ये पुन्हा राणे उठले. पण घरात, देवळात, जत्रेत आजही शब्द ‘बंड’च. आणि तो मान खाली घालून कोणी उच्चारत नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘बंडातलो मनीस’ ही पदवी होती.

उलट १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्यातल्या पाद्र्यांनी आणि लष्करातल्या लोकांनी पोर्तुगीज सत्ता उलथायचा घाट घातला, तो हातघाईवर यायच्या आधीच फुटला. पंधरा जणांना देहदंड झाला. त्याला आम्ही ‘पिंटोंचा कट’ म्हणतो. बंड व्हायला माणूस बाहेर पडावा लागतो, शस्त्र उघड धरावं लागतं. कट बंद दाराआड असतो. मला वाटतं खरी रेघ तिथे आहे.

मास्तर_एकोणीस

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकांतला शब्द बदलत गेला, ते सांगतो.

मी विद्यार्थी होतो तेव्हा धड्याचं नाव ‘१८५७ चे बंड’ असं सर्रास असे. शिपायांचं बंड, भिल्लांचं बंड, रामोशांचं बंड. मी शिकवायला लागलो तोवर ‘उठाव’ आला होता: १८५७ चा उठाव, कोल्हापूरच्या गडकऱ्यांचा १८४४ चा उठाव, उमाजी नाईकांचा उठाव. सावरकरांनी तर १९०९ च्या आपल्या पुस्तकात ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं. एकाच घटनेची तीन नावं आणि तीन माणसं. कंपनीच्या दप्तरात ते बंड, अभ्यासकाच्या टेबलावर उठाव, आणि ज्याला पुढची लढाई लढायची आहे त्याच्या तोंडी समर.

पण इथे एक गोष्ट नजरेआड करू नका. वरसईचे विष्णुभट गोडसे स्वतः त्या धामधुमीतून गेले, झाशीच्या वेढ्यात अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला. त्याच्या नावात १८५७ च्या ‘बंडाची हकीकत’ असे शब्द आहेत. गोडसे भटजी काही कंपनी सरकारचे चाकर नव्हते. झाशीच्या बाईंविषयी त्यांनी किती जिव्हाळ्याने लिहिलंय! म्हणजे त्या काळच्या मराठी कानाला ‘बंड’ हा कमीपणाचा शब्द वाटत नव्हता. कमीपणा आपण नंतर चिकटवला, ‘म्युटिनी’चं भाषांतर म्हणून सतत वापरल्यामुळे.

वासुदेव बळवंतांचं १८७९ चं बंडच घ्या. शब्द बंड आहे म्हणून कुणाच्या मनातला आदर तसूभर कमी झालाय का?

वाचक_नंबर_सात

मास्तर, सत्तरीकर, नियम मागे घेतो. घाईत लिहिलं होतं.

चिंचेचं_झाड

नियम सर्बियनमध्येही टिकला नसता. १९०३ चा मॅसेडोनियातला इलिंदेनचा लढा काही आठवड्यांत चिरडला गेला, तरी तो ‘उस्तानाक’. वॉर्साच्या ज्यू वस्तीतला १९४३ चा लढा तर जिंकणं शक्यच नव्हतं, तोही उस्तानाक.

पण वाचक_सात यांच्या म्हणण्यात काहीच नाही असंही नाही. १८०४ चा पहिला उस्तानाक, १८१५ चा मिलोश ओब्रेनोविचचा ताकोवोचा दुसरा उस्तानाक. मधल्या १८१४ मध्ये हाजी प्रोदानच्या नावाने एक लढा झाला, तो लगेच मोडला, त्याचं नाव मात्र आजही ‘हाजी प्रोदानची बुना’. लोक तेच, शत्रू तोच, मध्ये एक वर्ष. म्हणजे यश नसलं तरी आवाका आणि टिकणं यांचा वाटा आहेच.

मी सात-आठ वर्षांपूर्वी कामासाठी निशला गेलो होतो, तेव्हाची एक गोष्ट. तिथे ‘चेले कुला’ आहे, कवट्यांचा बुरूज. १८०९ मध्ये चेगारच्या टेकडीवर स्टेवान सिंजेलिचची तुकडी घेरली गेली. त्याने दारूकोठारावर गोळी झाडली आणि आपल्यासकट सगळं उडवून दिलं. पडलेल्यांच्या कवट्या तुर्की पाशाने रस्त्याकाठच्या बुरुजात चिणल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने धडा घ्यावा म्हणून. तेव्हा ९५२ होत्या, आता ५८ उरल्यात. आजूबाजूला नुसते कोनाडे, रिकामे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. मी एका कवटीसमोर उभा होतो, दातांच्या वरच्या ओळीतले तीनच शिल्लक होते. बरोबरचा स्थानिक सहकारी हळू आवाजात एकच शब्द म्हणाला, ‘उस्तानित्सि.’ उठाववाले. तिथे त्याला ‘बुना करणारे’ म्हणता आलं असतं असं मला वाटत नाही.

पूर्वाई

_/\_

अलिबागचा_खलाशी

ताईंच्या दुसऱ्या वाक्यासाठी येतो. जहाजावरचं.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’वर नौसैनिकांनी काम बंद केलं. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या हे तातडीचं कारण. बघता बघता ७८ जहाजं, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार नौसैनिक त्यात आले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, शहरात गोळीबार झाला. आजोबा सांगायचे, त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा भाकरी तशीच फडक्यात होती आणि फडक्याला कुणाचं तरी रक्त लागलेलं होतं. ते शेवटपर्यंत या सगळ्याला ‘नेव्हीचा संप’ म्हणत.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण नौसैनिकांनी स्वतः जी समिती नेमली तिच्या नावातही ‘स्ट्राइक’ होतं. इंग्रजांनी म्हटलं म्युटिनी. पुढे मराठीत ‘नाविकांचं बंड’ झालं आणि आता कुलाब्याला स्मारक आहे ते ‘उठावाचं’. करणारा म्हणतो संप, मालक म्हणतो बंड, नातू म्हणतो उठाव.

तुमच्या बाजूच्या समुद्रातही हुबेहूब असंच घडलंय. १ फेब्रुवारी १९१८, कोतोरचं आखात. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातल्या चाळीसेक जहाजांवर लाल बावटे चढले. तीन दिवसांत मोडलं आणि ११ तारखेला चार खलाशांना गोळ्या घातल्या. त्याला तिकडे ‘पोबुना मोर्नारा’ही म्हणतात आणि ‘उस्तानाक मोर्नारा’ही. मोर्नार म्हणजे खलाशी. दोन्ही वाचनात आलेत. बाईंना जरूर विचारा की खलाशांना उस्तानाक शोभतो की नाही. मला तर शोभतो असं वाटतं.

नदीकाठची

खलाशीदादा, डबा आणि फडकं वाचून थांबावं लागलं. तुमचा प्रश्न लिहून घेतला आहे.

शिपाईगल्ली

अवांतर, पण शिपायावरून आठवलं. १८५७ सर्बियनमध्ये सांगताना एक खड्डा आहे. फारसी ‘सिपाही’ तुर्कीतून तिकडेही गेला, तिथे तो झाला ‘स्पाहिया’. पण स्पाहिया म्हणजे जहागीर खाणारा, रयतेकडून धान्याचा हिस्सा घेणारा घोडेस्वार. शिपायांचं बंड म्हणून स्पाहियांची पोबुना लिहिलीत तर वाचणाऱ्याला वाटेल जमीनदार चिडले. कंपनीच्या शिपायासाठी त्यांच्याकडे वेगळा ‘सिपाय’ आहे. एक शब्द इस्तंबूलच्या रस्त्याने गेला तर सरदार झाला, आपल्याकडे फौजेत राहिला आणि आज कचेरीत चहा-फायली आणतो. माझे वडील जिल्हा परिषदेत शिपाई होते, म्हणून हा शब्द मला जवळचा.

मास्तर_एकोणीस

@शिपाईगल्ली, उत्तम. तुर्की वरून आणखी एक भर. सर्बियनमध्ये सतत विरोध करणाऱ्या माणसाला ‘बुंजिया’ म्हणतात. बुना अधिक तुर्की प्रत्यय ‘जी’. तोच प्रत्यय आपल्याकडे ‘ची’ होऊन आला: खजानची, मशालची, तोफची. त्या हिशोबाने आपला बंडखोर ‘बंडची’ व्हायचा, पण त्याला फारसी ‘खोर’ भेटला.

भाजीबाजार

निवडणुकीच्या दिवसांत तो ‘बंडोबा’ असतो मास्तर, आणि अर्ज मागे घेतला की ‘थंडोबा’. हे सर्बियनमध्ये कसं करणार?

जुनाकोश

@भाजीबाजार, करू नये. बंडोबाला विठोबा-खंडोबाच्या पंगतीला बसवणं ही मराठीची खास लकब. तिकिटावरून रुसलेल्याला उस्तानिक म्हणायचं नाही, बुंजियाही नाही. ‘पक्षातून फुटलेला’ असं साधं सांगावं.

पूर्वाई

एक गंभीर शंका. उस्ताति पासून उस्तानाक, उस्तानिक. मग दुसऱ्या महायुद्धातले ‘उस्ताशा’ हेही त्याच शब्दातले?

चिंचेचं_झाड

हो, आणि हे ताईंनी नक्की लक्षात ठेवावं. उस्ताशाचा मूळ अर्थ उठाव करणाराच. १८७५ मध्ये हर्जेगोविनात नेवेसिन्येच्या बाजूला तुर्कांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तिथल्या लढवय्यांनाही हा शब्द लावला जाई. पण पुढे क्रोएशियातल्या फॅसिस्ट संघटनेने तेच नाव घेतलं. १९४१ ते १९४५ मध्ये त्यांच्या राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली. यासेनोवाट्सची छळछावणी त्यांचीच. त्यानंतर तो शब्द जळून गेला. सर्बियात उठाव करणाऱ्याला उस्तानिकच म्हणायचं. व्याकरणाने दुसरा चुकीचा नाही, पण कुणाच्या घरात कुणाचे आजोबा गेले असतील सांगता येत नाही.

नदीकाठची

धन्यवाद. हे मला कोशात कधीच कळलं नसतं.

जुनाकोश

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताईंच्या पहिल्या वाक्यावरचा लाल गोल मला दोन दिवस खुपतोय.

‘१८०४ ला तुर्कांविरुद्ध’ असं ताईंनी लिहिलं. सुरुवातीला तसं नव्हतं. बेलग्रेडच्या पाशालिकात, म्हणजे तुर्की पाशाच्या प्रांतात, १८०१ मध्ये सुलतानाच्या जानिसारी फौजेतल्या चार पुंड म्होरक्यांनी सुलतानाच्याच वजिराला, हाजी मुस्तफा पाशाला मारून सत्ता बळकावली. यांना म्हणत दाहिया. शब्द तुर्की ‘दायी’वरून आला, म्हणजे मामा. मराठीत मामा या नात्याला जो गोडवा आहे त्याच्या अगदी उलट हे मामा. जानेवारी १८०४ मध्ये त्यांनी गावोगावचे ‘क्नेझ’, आपल्याकडचे पाटील म्हणा, वेचून वेचून मारले. सर्ब त्याला ‘सेचा क्नेझोवा’ म्हणतात, क्नेझांची कापाकापी. त्यानंतर ओराशाट्सच्या ओहोळात लोक जमले. ते उठले दाहियांवर, आणि म्हणत होते की आम्ही सुलतानाची इमानी रयत आहोत. म्हणजे त्या घडीला खरे बंडखोर कोण? दाहिया! सुलतानाशी उघड लढाई नंतर जुंपली.

आता गंमत बघा. फिलिप विश्निच हा अंध गुस्लेवादक, आपल्या शाहिरासारखा. या लढ्यावरचं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध कवन वुक काराजिचने १८१५ मध्ये शिशातोवाट्सच्या मठात त्याच्या तोंडून उतरवून घेतलं. त्याच्या नावाचा अर्थ काय? ‘दाहियांविरुद्धच्या बुनेचा आरंभ.’ बुना! उस्तानाक नव्हे. हा वुक म्हणजे ऐकीव माणूस नव्हे, तो त्या लढ्यात लेखनिक होता, १८१३ ला सगळं कोसळल्यावर देश सोडून गेला आणि १८१८ मध्ये व्हिएन्नात सर्बियन कोश छापला. शब्द तोलून वापरणारा माणूस. १८२९ मध्ये जर्मन इतिहासकार रांके याने त्याच्याच माहितीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा नाव दिलं ‘सर्बियन क्रांती’. बुना, उस्तानाक, क्रांती. आपल्या १८५७ सारखंच झालं की नाही?

ताई, तुमचं पहिलं वाक्य नक्की काय होतं? १८०४ च्या सुरुवातीबद्दल असेल तर तुम्ही लिहिलेला ‘बुना’ चूक नाही. विश्निच तुमच्या बाजूने आहे.

मास्तर_एकोणीस

जुनाकोश, पूर्ण सहमत. असाच एक मराठी शब्द यात बसतो, जो ताईंनी धाग्याच्या सुरुवातीलाच टाकला आणि आपण सगळे विसरलो: पुंडावा. दाहियांनी केला तो पुंडावा. पुंडाव्याविरुद्ध रयत उठली तो उठाव.

सत्तरीकर

मास्तर, +१. ‘पुंड’ हा शब्द दाहियांसाठी मापाने शिवल्यासारखा आहे.

नदीकाठची

मंगळवार झाला. सविस्तर लिहिते.

वर्गात आधी फळ्यावर स्ता आणि स्था शेजारी शेजारी लिहिलं, सिरिलिक आणि देवनागरीत. बाईंनी खडू माझ्याकडून घेतला आणि ‘स्था’ स्वतःच्या हाताने तीनदा गिरवला, काना नीट येईपर्यंत. मग ‘उठाव’ असं जोरात म्हणून पाहिलं. त्यांचा ठ काही निघत नव्हता, उताव होत होतं.

खलाशीदादांचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, कप्तानाविरुद्ध चिडून उठले तर पोबुना. पण कोतोरच्या मुलांना लढाई संपायला हवी होती, घरी जायचं होतं, स्वतःचा देश हवा होता. त्यांना त्या उस्तानाकच म्हणतील. मग मी मुंबईचं सांगितलं, डबा आणि फडकं पण. वर्गात इराणचा एक मुलगा आहे, तो म्हणाला, आमच्याकडेही आजोबा वेगळा शब्द वापरतात आणि पुस्तक वेगळा.

विश्निचचं नाव काढलं मात्र, बाई गप्प झाल्या. माझी वही मागून घेतली. पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. ते असं होतं: ‘दाहियांविरुद्धचं रिबेलियन फेब्रुवारी १८०४ मध्ये सुरू झालं.’ दाहियांविरुद्ध! मी इथे घाईत ‘सर्बांचं’ असं लिहिलं होतं. बाईंनी त्या कवनाच्या पहिल्या काही ओळी न बघता म्हटल्या, संथ, एका सुरात. मग लाल पेनाने त्याच गोलाशेजारी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, ‘दोन्ही चालतील.’

माझी आजची यादी, चुकलं तर सांगा. बाहेरच्या सत्तेविरुद्ध लोक मिळून उठले तर उस्तानाक, मराठीत उठाव. खेड्यापाड्यातला भडका असेल, जसं तिमोक खोऱ्यात सरकारने घराघरातल्या बंदुका जमा करायला घेतल्यावर १८८३ ला झालं, तर बुना, मराठीत बंड. तुरुंग, बराक, जहाज अशा शिस्तीच्या जागी आतून फुटलं तर पोबुना, तेही बंड, पण ‘कैद्यांचं’, ‘खलाशांचं’ असं मागे लावून. आणि बुन्त मनातला, स्वभावातला. सोळा वर्षांच्या मुलीचा.

फक्त बुन्तला मराठी शब्द मला अजून मिळालेला नाही. विद्रोह फार जड होतो. आमच्या मुलीने परवा केस कानापर्यंत कापून आणले, तिला मी काय म्हणू?

पूर्वाई

‘बंडखोरपणा’? घरात तर आम्ही ‘तिचं आपलं वेगळंच’ म्हणतो.

अलिबागचा_खलाशी

बाईंना आमचा नमस्कार सांगा. आजोबांचा शब्द इतक्या लांब पोचला.

सत्तरीकर

रविवारी नाणूसला जातोय. परत आल्यावर इथेच किल्ल्याचे फोटो टाकतो, बाईंना दाखवा. खाली ‘बुना’ लिहायचं की ‘उस्तानाक’, ते त्यांनाच ठरवू दे.

नदीकाठची

नक्की. मी विचारून सांगते.